घरची ध्वनिमुद्रणाची खोली व तिच्या भिंती

हल्लीं संगणक व एक बरासा मायक्रोफोन एवढ्या साहित्यावर घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करितां येतें, व गायनवादनाची आवड असलेले कित्येक तरुण एखादी खोली त्यासाठीं राखून ठेवितात. ही गोष्ट कौतुकास्पद आहे. परंतु खोली हातीं येतांच तिच्या चारी भिंतींस पातळ फोम चिकटविण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस अविचाराची वाटते.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खोलींतील घुमारा कमी करणें निराळें, व आवाज भिंतीपलीकडे जाऊं न देणें निराळें. पहिल्या कामास लोंकरीसारखा सच्छिद्र पदार्थ लागतो; दुसऱ्यास वजनदार भिंत व फट नसलेलें दार. हलका फोम कितीही लाविला, तरी शेजाऱ्यास तबला ऐकूं यावयाचा तो येतोच.

घुमाऱ्याच्या शास्त्राचा पाया अमेरिकेंत हार्वर्ड विश्वविद्यालयाचे वॉलेस सेबाइन यांनीं घातला. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहांत वक्त्याचे शब्द समजत नसत. म्हणून १८९५ सालीं तें काम त्यांजकडे आलें. रात्रीच्या शांततेंत ऑर्गनची नळी वाजवावी, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजावा, बैठकींच्या गाद्या आणून मांडाव्या व पुन्हा मोजावें, असा त्यांचा क्रम असे. आधीं मोजणें व मग मांडणें, हाच त्यांचा धडा होय.

आतां जाडीचा विचार करूं. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सेकंदास १००० कंपनें होणाऱ्या स्वराची लहर ३४ सेंटिमीटर लांब, तर १०० कंपनांच्या स्वराची ३.४ मीटर. भिंतीवरील थराची जाडी लहरीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असली, तरच तो तिला नीट जिरवितो. अडीच सेंटिमीटरांचा फोम उंच स्वर तेवढे गिळतो व खर्ज तसाच गुरगुरत राहतो. म्हणून सगळ्या भिंती पातळ फोमनें मढविण्यापेक्षां खनिज लोंकरीचे १० सेंटिमीटर जाडीचे थोडेच तक्ते करावे, व ते भिंतीपासून कांहींसे दूर आणि कोपऱ्यांत ठेवावे. कारण खर्ज कोपऱ्यांतच सांचतो.

कोणी म्हणतील, फोम स्वस्त आहे. पण त्याची खरी किंमत निराळीच असूं शकते. २० फेब्रुवारी २००३ रोजीं अमेरिकेंतील वेस्ट वॉर्विक गांवीं ‘द स्टेशन’ या नाइटक्लबांत आतषबाजीच्या ठिणग्यांनीं रंगमंचाभोंवतालच्या भिंतींवरील पॉलियुरिथेन फोमनें पेट घेतला, व १०० माणसें प्राणांस मुकलीं. तो फोम आवाज आवरण्यासाठींच लाविलेला होता. विजेच्या तारांनीं भरलेल्या, दारें घट्ट लाविलेल्या लहान खोलींत अग्निरोधाची खात्री नसलेला फोम लावणें हा काटकसरीचा मार्ग खास नव्हे.

तेव्हां तरुण मित्रांस आमची विनंति एवढीच कीं, चित्रांतील स्टुडिओसारखी खोली दिसावी ही हौस क्षणभर बाजूस ठेवावी. मोकळ्या खोलींत टाळी वाजवून ऐकावें, पुस्तकांचें कपाट व जाड गोधडी यांनीं काय फरक पडतो तो पाहावा, आणि उणें राहील तेवढ्यापुरताच पैसा खर्चावा.