सच्छिद्र स्फटिक आणि बंद तिजोऱ्या

२०२५ या वर्षात विज्ञानाच्या दोन वार्ता जगभर गाजल्या. जून महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेनाकापाविर या औषधाला एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी या तिघांना धातु-सेंद्रिय चौकटींवरील कार्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. एक वार्ता रोगाविषयीची, दुसरी वायूविषयीची. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न उभा आहे : समाजाच्या पैशाने आणि अनेकांच्या बुद्धीने निर्माण झालेल्या ज्ञानाचा धनी कोण?

प्रथम वायूची गोष्ट पाहू. धातूचे अणू हे जणू कोपऱ्यांचे खांब आणि कार्बनी रेणू या त्यांना जोडणाऱ्या तुळया, अशी ही रचना असते. खांब व तुळया यांच्यामध्ये पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींना वायूचे रेणू चिकटतात. किंचित उष्णता दिली किंवा दाब कमी केला, की ते पुन्हा सुटतात. याघी यांनी १९९९ साली सिद्ध केलेल्या एमओएफ-५ या पदार्थाच्या अवघ्या दोनचार ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढे अंतर्गत क्षेत्रफळ सामावलेले असते. कॅनडात विकसित झालेला कॅल्फ-२० हा पदार्थ जस्तासारख्या स्वस्त द्रव्यापासून बनतो, दमट धुरातही टिकतो आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड निवडून धरतो. आजवर या कामासाठी अमाइनची द्रावणे वापरीत आणि ती पुन्हा तापविण्यात प्रचंड ऊर्जा खर्ची पडे. तो खर्च घटण्याची वाट आता मोकळी झाली आहे. हे यश निर्विवाद आहे आणि त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

मात्र या यशाच्या आडून जो प्रचार चालू झाला आहे, त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. कोळसा व तेल जाळतच राहावे, धूर पकडण्याचे काम यंत्र करील, असा त्या प्रचाराचा मथितार्थ आहे. आकडे काय सांगतात? खनिज इंधनांपासून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते, आणि तो पकडणाऱ्या साऱ्या प्रकल्पांची एकत्रित क्षमता आहे सुमारे ५ कोटी टन. हजारात दीड भागही नाही! शिवाय पकडलेल्या वायूचा मोठा हिस्सा अमेरिकेत जुन्या विहिरींतून अधिक तेल उपसण्यासाठी जमिनीत सोडला जातो आणि या व्यवहाराला सरकारी करसवलतही मिळते. म्हणजे प्रदूषण करणाऱ्याने दंड भरण्याऐवजी बक्षीस घ्यावयाचे आणि त्याची भरपाई करदात्याने करावयाची.

तंत्रज्ञान उपलब्ध झाले म्हणजे ते आपोआप वापरले जाते, हा भ्रम आपल्या देशात तरी कोणी बाळगू नये. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातील गंधक काढून घेणारी यंत्रणा अनेक दशकांपासून ज्ञात आहे. ती बसविण्याची सक्ती करणारे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये काढले, मग वारंवार मुदती वाढविल्या आणि अखेर जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संचांना त्या सक्तीतून मुक्त केले. येथे विज्ञान कमी पडले नाही. कमी पडली ती राज्यकर्त्यांची इच्छा. वीज केंद्रांच्या छायेत राहणाऱ्या चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या श्रमिकाला नोबेल पारितोषिकाने शुद्ध हवा मिळणार नाही. ती त्याला संघटित होऊनच मिळवावी लागेल.

आता औषधाकडे वळू. लेनाकापाविरची सुई वर्षातून केवळ दोनदा घ्यावी लागते. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील चाचणीत ज्या २,१३४ तरुणींना हे औषध दिले गेले, त्यांपैकी एकीलाही लागण झाली नाही. प्रतिबंधक उपायाला इतके यश क्वचितच लाभते. परंतु गिलियड कंपनीने अमेरिकेत त्याची किंमत ठेवली वर्षाला २८,२१८ डॉलर. हेच औषध भारतीय उत्पादक २०२७ पासून गरीब देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरला पुरवतील, अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. औषध तेच, गुण तोच. किमतीतील अंतर मात्र सातशे पट! हे अंतर मक्तेदारीचे मोल आहे. त्याचा उत्पादनखर्चाशी संबंध नाही.

कंपनीने १२० देशांसाठी सहा उत्पादकांना परवाने दिले, त्यांत पुण्याची एम्क्युअरही आहे, हे खरे. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू हे देश त्या यादीत नाहीत. याच देशांतील माणसांनी दुसऱ्या मोठ्या चाचणीसाठी आपले दंड पुढे केले होते. चाचणीला पात्र असलेला माणूस स्वस्त औषधाला अपात्र कसा ठरतो, याचे उत्तर कोणत्याही वैद्यकग्रंथात सापडणार नाही. ते कंपनीच्या ताळेबंदात सापडेल.

या बाबतीत भारताने जगाला काही शिकविले आहे, याचे विस्मरण होता कामा नये. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन सार्वजनिक क्षेत्रात तयार होऊ लागले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्ता नाकारला. त्या पायावर उभ्या राहिलेल्या उद्योगामुळेच २००१ साली मुंबईची सिप्ला एड्सवरील तिहेरी औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ शकली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली आपण पदार्थावरील पेटंट स्वीकारले. परंतु त्याच वेळी कलम ३(ड) कायद्यात आले. जुन्या औषधात किरकोळ बदल करून मक्तेदारी लांबविण्यास त्याने अटकाव केला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिवेकविषयीचा दावा याच कलमाच्या आधारे फेटाळला.

आणि मार्च २०२३ मध्ये क्षयरोगावरील बेडाक्विलिनच्या क्षारावरील पेटंट नाकारले गेले, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनच्या विरोधात उभ्या होत्या दोन तरुणी : मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनीही क्षयाशी झुंज दिली होती आणि जुन्या विषारी औषधांपायी दोघींनीही श्रवणशक्ती गमावली होती. बेडाक्विलिनवर आधारलेल्या नव्या उपचाराने दीड-दोन वर्षांचा काळ सहा महिन्यांवर आला आणि ती जीवघेणी इंजेक्शने टळली. दोन रुग्णांच्या निर्धाराने हे औषध लाखोंसाठी चार वर्षे आधी मुक्त झाले.

नफा नसेल तर संशोधन कोण करील, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. तो टाळण्याचे कारण नाही. मोठ्या चाचण्यांना खरोखरच मोठा पैसा लागतो. पण मूळ कल्पना कोठे जन्मली ते पाहावे. मेलबर्न विद्यापीठात रॉब्सन १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांच्या रेणूप्रतिकृती तयार करीत होते. तेथे सुचलेला विचार त्यांनी १९८९ मध्ये प्रत्यक्षात उतरविला. कितागावा आणि याघी यांचे कामही विद्यापीठांतच झाले. पंधरा वर्षे एका कल्पनेला जपण्याचे धैर्य तिमाही नफा मोजणाऱ्या भांडवलाजवळ नसते. ते सार्वजनिक संस्थांजवळच असते. तेव्हा चाचण्यांचा खर्चही समाजाने उघडपणे उचलावा आणि त्याच्या मोबदल्यात फळही समाजाचेच राहावे, हा सरळ हिशेब आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात, औषधे उपलब्ध करण्याचा श्रेयस्कर मार्ग कंपनीने स्वेच्छेने दिलेला परवाना हाच होय, असे मान्य करण्यात आले आहे. सक्तीच्या परवान्याचे जे शस्त्र वापरून २०१२ साली कर्करोगावरील एका औषधाची मासिक किंमत २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आणली गेली, ते बोथट करण्याचा हा आरंभ आहे. कलम ३(ड) आणि सक्तीचा परवाना यांचे रक्षण, सरकारी अनुदानातून निघालेल्या पेटंटांवर जनतेचा हक्क आणि वीज केंद्रांच्या धुरावर कायद्याचा अंमल, या तीन मागण्या कामगार वस्त्यांत, ग्रामसभांत आणि विधिमंडळात सातत्याने मांडल्या पाहिजेत.

स्फटिकाच्या पोकळीत वायू कसा धरून ठेवावा, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. ज्ञान तिजोरीत कोंडले जाऊ नये, यासाठी झगडणे हे आपले काम आहे.