मदेरा आणि मदिरा

मद्याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत दोनच भाषा चालतात : एक निषेधाची, दुसरी बढाईची. जानेवारी २०२२ मध्यें राज्य सरकारनें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हां जें वाग्युद्ध झालें तें ह्याच थाटाचें. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे,’ असें एका पक्षानें ठासून सांगितलें. ‘दारू ती दारूच,’ असें दुसऱ्यानें बजावलें. पेल्यांत काय असतें आणि तें कसें तयार होतें, ह्याची विचारपूस मात्र फारशी झाली नाहीं. आमचा आक्षेप ह्या अरसिकपणावर आहे.

पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील जुनें, कोरडें मद्य उदाहरणादाखल घेऊं. कोरडें म्हणजे ज्यांत साखर फारशी उरलेली नाहीं असें. मदिरेशीं असलेलें नामसादृश्य निव्वळ योगायोगाचें. पोर्तुगीज भाषेंत ‘मदेरा’ म्हणजे लाकूड. द्राक्षांचा रस आंबल्यावर त्यांत द्राक्षांपासूनच ऊर्ध्वपातनानें काढलेला मद्यार्क मिसळतात. केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांच्या तळाशीं हीं पिंपें महिनोन्‌महिने तापत. आणि नासण्याऐवजीं तें मद्य सुधारतें, असें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें. पुढें बेटावरच उन्हानें तापणाऱ्या माळ्यांवर पिंपें ठेवून तोच परिणाम साधूं लागले. ‘फ्रास्केइरा’ ह्या नांवास पात्र होण्यास ह्या मद्याला किमान २० वर्षें लाकडांत काढावीं लागतात. त्यांतही सर्सियाल नांवाच्या, उशिरां पिकणाऱ्या आंबट द्राक्षाचें मद्य सर्वांत कोरडें. त्यांत अक्रोडाचा खमंगपणा आणि संत्र्याच्या सालीचा कडवटपणा असतो, आणि शेवटीं जीभ लख्ख करणारी आंबट धार येते.

आतां वरील दोन्ही वचनें ह्या पेल्यापुढें ठेवून पाहा. ह्या वाइनींत मद्यार्क उघडपणें वरून घातलेला असून त्याचें प्रमाण शेंकडा १७ ते २२ असतें; तेव्हां ‘ही दारू नव्हे’ म्हणण्याची सोय नाहीं. उलट, वीस वर्षांची ही राखण आणि एका रात्रींत पाडलेली हातभट्टी हीं एकच, असें म्हणणारा गवई आणि गोंगाट ह्यांतलाही भेद मानीत नसावा.

हेदवीसारख्या गांवच्या माणसास हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. गोव्याहून चौल-वसईकडे जाणारीं पोर्तुगीज जहाजें ह्याच किनाऱ्यावरून जात. काजूही त्यांनींच ह्या देशांत आणला. जुनें तूप, जुनी चिंच, बरणींतलें मुरलेलें लोणचें ह्यांची पारख येथील आजीबाई नुसत्या वासावरून करतात. ज्या भाषेंत ‘मुरणें’ हें क्रियापद आहे, तिला काळानें येणारी चव कोणीं शिकवावी? चरकसंहितेनेंही ८४ आसवें मोजलीं आणि नवें मद्य जड, जुनें हलकें, असा विवेक केला. तरी आज कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं बी काढून घेतल्यावर काजूचीं बोंडें झाडाखालीं कुजतात. आणि शेजारच्या गोव्यांत त्याच बोंडांची फेणी होते, जिला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. फळ तेंच; फरक जपलेल्या जाणकारीचा.

‘दारूनें घरें बुडालीं, त्याचें काय?’ असें विचारलें जाईल. बुडालीं, आणि त्याचा भार बायकामुलांनींच वाहिला. हें विसरून लिहिणें निर्लज्जपणाचें होईल. वीस वर्षें मुरल्यानें मद्यार्क निरुपद्रवी होत नाहीं, आणि रसिकही व्यसनी होऊं शकतो. परंतु ज्याला चवीचा एकही शब्द शिकविला नाहीं, त्याच्याजवळ मोजावयास नशेवांचून दुसरें काय उरतें? घरांतलें मौन तरुणास मद्यापासून दूर ठेवीत नाहीं. तें त्याला जाहिरातीच्या हातीं देतें. मग तो बाटलीच्या किमतीवरून चव ठरवितो आणि रिचविलेल्या पेल्यांवरून पुरुषार्थ. कायद्याची तऱ्हा आणखी विनोदी. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत अजून अंमलांत आहे, आणि पिणाऱ्यास परवाना मिळतो तो म्हणे प्रकृति राखण्यासाठीं! कायद्यानें त्याला रोगी ठरविलें, मित्रमंडळानें वीर. जाणता होण्याची अपेक्षा कोणींच केली नाहीं.

कोणीं प्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. न पिणाऱ्याचा निश्चय आदरणीयच आहे. पण तो वस्तु जाणून केलेला असला, तर मुलांसही पटेल. पुन्हा जेव्हां हा प्रश्न विधिमंडळापुढें येईल, तेव्हां ‘ही दारू कीं नव्हे’ हा वाद बाजूस ठेवून, त्यांत मद्यार्क किती, तो कोठून आला, आणि तें मद्य मुरलें किती वर्षें, हें विचारण्यांत यावें. कर, विक्री आणि परवाना ह्यांचे नियम त्या उत्तरांवर बसवावे. नांवावर बसविलेले नियम पिणाऱ्यास शहाणपण देत नाहींत आणि न पिणाऱ्या घराचें रक्षणही करीत नाहींत.