विराट आलेख आणि गाळणीचा विवेक

कोणत्याही माहितीचे चित्र काढले म्हणजे ती सुबोध होते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. लहान विषयापुरती ती खरीही आहे. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात सोडविलेला क्योनिग्सबर्ग नगरीच्या सात पुलांचा प्रश्न चार बिंदू आणि सात रेषा एवढ्यात मावतो. येथे आलेख म्हणजे चढउतार दाखविणारी वक्ररेषा नव्हे. वस्तू बिंदूंनी व त्यांचे परस्परसंबंध रेषांनी दर्शविणारी रचना होय.

आज माणसे, कंपन्या, पत्ते आणि व्यवहार यांचे असे आलेख निओफोरजेसारख्या आलेख-डेटाबेसमध्ये साठविले जातात. त्यांतील बिंदू लक्षावधींच्या घरात जातात आणि तेथे वरील समजूत टिकत नाही. दहा बिंदूंमध्ये जास्तीत जास्त ४५ जोडरेषा संभवतात. हजार बिंदूंमध्ये ४,९९,५००. सारेच पडद्यावर उतरविले, तर उरते ती केवळ गुंतवळ. शिवाय बिंदूंच्या जागा बहुधा संगणक स्वतःच ठरवितो. त्यामुळे दोन बिंदू जवळ दिसले एवढ्यावरून त्यांचा निकट संबंध सिद्ध होत नाही.

तेव्हा गाळणे अपरिहार्य आहे. परंतु गाळणे निराळे आणि तोडणे निराळे. प्रश्नाला केवळ संख्येची मर्यादा घातली व क्रम सांगितला नाही, तर डेटाबेस महत्त्वाचे तीनशे बिंदू निवडून देत नाही. हाती लागतील ते तीनशे देतो. तो तुकडा पाहून संपूर्णाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे पोत्याच्या तोंडाशी आलेले दाणे पाहून साऱ्या धान्याची प्रत ठरविणे होय. खरी गाळणी प्रश्नातून जन्मते: कोणत्या प्रकारचे संबंध हवेत, कोणत्या कालखंडातील, आणि आरंभबिंदूपासून किती पावलांपर्यंतचे?

या विवेकाची निकड ‘पनामा पेपर्स’ प्रकरणात दिसून येते. एप्रिल २०१६ मध्ये उघड झालेल्या त्या संग्रहात सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते आणि २ लाख १४ हजारांच्या आसपास कंपन्या व न्यास यांची माहिती होती. इंटरनॅशनल कन्सॉर्शियम ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिस्ट्स या संस्थेने त्यांतील संबंध पाहण्यासाठी निओफोरजे आणि लिंक्युरियस या साधनांचा उपयोग केला. अशा संग्रहात एकाच मध्यस्थाच्या पत्त्यावर शेकडो कंपन्यांची नोंद असू शकते. तो पत्ता चित्रात ठेवला, तर परस्परांचे तोंडही न पाहिलेली माणसे एकमेकांपासून थोड्याच पावलांवर येऊन उभी राहतात. पुष्कळ रेषा असलेले सर्वच बिंदू सरसकट वगळले, तर खऱ्या भागीदारांना जोडणारा एकमेव दुवाही नाहीसा होऊ शकतो. पहिल्या चुकीने निरपराध्याच्या अब्रूवर डाग पडतो. दुसरीने अपराधी निसटतो. संग्रहात नाव असणे म्हणजे गैरकृत्याचा आरोप नव्हे, असे त्या संस्थेने स्वतःच स्पष्ट केले आहे, ते यथायोग्यच होय.

गाळणे ही लपवाछपवी आहे, सर्व काही दाखवावे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्यात काहीच दिसत नाही असे सर्वसमावेशक चित्रही सत्य झाकतेच. दोष गाळण्यात नसून गाळल्याचे न सांगण्यात आहे. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिण्याचा प्रघात जुना आहे. त्यावाचून कोणी अंतरे मोजू धजत नाही. तद्वतच आलेखाच्या प्रत्येक चित्राखाली मूळ बिंदू किती, दाखविले किती, आणि कोणत्या नियमाने उरलेले वगळले, या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात. नियम बदलून तेच चित्र पुन्हा काढून पाहावे; जो निष्कर्ष एकाच गाळणीत दिसतो आणि दुसरीत विरतो, तो शंकास्पद समजावा.

बँका, तपासयंत्रणा आणि वृत्तपत्रे यांच्या हाती ही साधने आता आली आहेत. पडद्यावरील एका रेषेवरून माणसाची चौकशी सुरू होऊ शकते. ती रेषा कोणत्या गाळणीतून उरली हे विचारण्याचा अधिकार त्या माणसाला असला पाहिजे. आणि चित्र काढणाऱ्यापाशी त्याचे उत्तर लिहून ठेवलेले असले पाहिजे.