पाहुणे दीनदार, सुटी सगळ्यांची: घरात कोणते सूर असावेत?

दिवाळीच्या सुट्या लागल्या की आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. सण आपला नसतो, पण सुटी आपलीही असते. शाळा बंद, कचेऱ्या बंद, बांध्यांमध्ये धान पिकत आलेले, सकाळी हवेत गारवा. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया भरू लागतात. कामठीहून फुफी येते, बल्लारपूरहून मामू येतात, पोटापाण्यासाठी हैदराबादेकडे गेलेले चाचा वर्षातून एकदा याच दिवसांत घरी फिरकतात. ईदला नोकरदार माणसाला मिळते ती एक दिवसाची रजा. निवांत बसायला, एकमेकांची मुले ओळखायला वेळ मिळतो तो याच पंधरवड्यात.

या भेटीगाठींत अलीकडे एक नवे अवघडलेपण आले आहे, आणि ते गाण्यावरून आहे. एकाच आजोबांची नातवंडे. पण एका घरात सकाळपासून स्पीकर चालू असतो, तर दुसऱ्या घराने दीनच्या ओढीने गाणे-वाजवणे पूर्ण सोडलेले असते. दारात रिक्षा थांबते आणि घरात धावपळ उडते: "बंद कर, बंद कर, फुफा आले!" पाहुणे गेले की पुन्हा आवाज चालू. मोठ्यांना ही किरकोळ बाब वाटते. पण कोपऱ्यात उभे असलेले मूल हे सगळे पाहत असते.

आपल्या झाडीपट्टीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो, कारण इथे सुटी आणि संगीत वेगळे काढताच येत नाहीत. मंडईच्या रात्री नाटक असते आणि ते रात्रभर चालते. देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, हे या नाटक कंपन्यांचे मोठे केंद्र. दंडार, खडी गंमत या जुन्या लोककला याच मातीतल्या. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या पट्ट्याला आपलाच सन्मान झाल्यासारखे वाटले. मंडप, लाइट, लाउडस्पीकर, वाद्ये अशा कामांत आपल्याही घरांतली माणसे असतात. अनेकांची वर्षाची निम्मी कमाई याच हंगामाची.

अशाच एका घरातला मुलगा माझ्या वर्गात होता. वडील नाटकात ऑर्गन वाजवतात. एरवी तो ऑर्गन बैठकीत असतो, मुलगाही त्यावर बोटे फिरवतो. सुटीत आईकडचे मोठे मामू चार दिवस राहायला येणार म्हटले की ऑर्गनवर चादर पडते आणि तो धान्याच्या पोत्यांमागे जातो. त्या मुलाने एकदा मला विचारले, "मॅडम, अब्बू गुनाह का काम करते क्या?"

या प्रश्नाचे धड उत्तर मिळाले नाही, तर मूल दोनपैकी एक गोष्ट शिकते. एक तर ते बापाला मनातून कमी लेखू लागते, किंवा दीन म्हणजे पाहुण्यांसमोर अंगावर घ्यायची चादर आहे असे समजू लागते. दोन्ही नुकसान गाण्याच्या नुकसानापेक्षा मोठे आहे. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

आधी हे स्पष्ट करते की मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. काय हलाल आणि काय हराम याचा निवाडा या सदरात होणार नाही. तो प्रश्न आपापल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. पण या बाबतीत मतभेद जुने आहेत आणि दोन्ही बाजूंना मोठी माणसे आहेत, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. बहुसंख्य उलमांनी दफ सोडून इतर वाद्ये नाजायज मानली. त्यांच्याकडे सहीह बुखारीतील वाद्यांबद्दलच्या हदीसचा आधार आहे. स्पेनमधले इब्ने हज्म यांनी ते मत मानले नाही. इमाम गजाली यांनी 'इह्या उल उलूम' या ग्रंथात समाअवर मोठे प्रकरण लिहिले. हजरत जुनैद यांचे म्हणणे सांगून ते तीन गोष्टी पाहायला लावतात: वेळ कोणती, जागा कोणती आणि सोबत कोण आहे. आपल्या हिंदुस्थानात हजरत निजामुद्दीन औलिया यांना समाअच्या प्रश्नावर दिल्लीत सुलतानापुढे उलमांच्या सभेला सामोरे जावे लागले. आणि स्वतः समाअ ऐकणारे हेच बुजुर्ग वाद्यांच्या बाबतीत मात्र कडक होते. म्हणजे "गाणे ऐकणारे सगळे बेदीन" आणि "न ऐकणारे सगळे कट्टर", ही दोन्ही वाक्ये अर्धवट माहितीची आहेत.

ईदच्या दिवसांतला तो प्रसंगही सर्वांना माहीत असावा. हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली दफ वाजवून जुन्या लढाईची गाणी म्हणत होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) आले आणि रागावले. पैगंबर (स.) यांनी त्यांना थांबवले, प्रत्येक समाजाला आपला आनंदाचा दिवस असतो आणि हा आपला आहे, अशा आशयाचे ते बोलले. या हदीसवरून कोणी सर्व संगीत जायज ठरवतो, कोणी फक्त दफ आणि फक्त ईद एवढाच अर्थ घेतो. तो वाद आलिमांचा. आपल्यासारख्या घर चालवणाऱ्यांनी त्यातली एक गोष्ट जरूर घ्यावी: त्या घरात रागावणाराही होता, गाणाऱ्या मुलीही होत्या, आणि पैगंबर (स.) यांनी त्या मुलींना थांबवू दिले नाही.

आता व्यवहाराकडे येऊ. पाहुण्यांना "गाणे चालत नाही" एवढे ऐकून आपण गप्प बसतो. खरे तर त्यामागे तीन वेगळे आक्षेप असू शकतात आणि तिघांवर उपाय वेगळा आहे.

पहिला आक्षेप शब्दांचा. गाण्यात दारूची मस्ती असेल, बायकांच्या शरीराचे वर्णन असेल, अल्लाहशिवाय दुसऱ्याची आराधना असेल, तर ते नको. दुसरा आक्षेप वाद्यांचा. शब्द कितीही चांगले असोत, ऑर्गन-तबला नको. तिसरा आक्षेप वेळेचा आणि गोंगाटाचा. अजान होते आहे, कोणी नमाजला उभे आहे, नानी आजारी आहे, आणि स्पीकर घुमतो आहे. काहींना परक्या बाईच्या आवाजाबद्दलही संकोच असतो.

हा फरक न कळल्यामुळे चांगल्या मनाने केलेली निवडसुद्धा फसते. समजा तुम्ही विचार केला की शब्दच नकोत, उस्ताद बिस्मिल्लाह खान यांची सनई लावू. पाचवेळचे नमाजी, मुहर्रममध्ये शोकाच्या धून वाजवणारे, 2001 साली भारतरत्न मिळालेले उस्ताद. त्यांच्यावर कोण आक्षेप घेणार? ज्या पाहुण्याचा आक्षेप शब्दांचा आहे, तो सनई ऐकून खूश होईल. पण ज्याचा आक्षेप वाद्यांचा आहे, त्याच्यासाठी तुम्ही नेमकी नको ती गोष्ट निवडलीत. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा विचारणे बरे. येण्याच्या आठवडाभर आधी फोन होतोच. त्यातच सरळ म्हणावे, "फुफा, बच्चे शाम को थोड़ा गाते-बजाते. आपको क्या चलता, क्या नहीं चलता, खुल के बोलो." यात अपमान कोणाचाच नाही. उलट, आपल्याला विचारले गेले याचे पाहुण्याला बरे वाटते.

पुष्कळ घरांत एक सोपी वाट काढली जाते: पाहुणे दीनदार आहेत ना, मग दिवसभर नात लावून ठेवा. किंवा तिलावत लावा. माझ्या मते ही वाट बरोबर नाही. कुरआन पढले जात असेल तेव्हा शांत राहून ऐकावे, ही सूरह आराफमधली शिकवण आहे. इकडे तिलावत चालू आणि तिकडे चिवडा खात जमिनीच्या वाटणीच्या गप्पा, हे पाहून दीनदार पाहुणा जास्तच दुखावतो. नातचेही तसेच. शिवाय आजकाल काही नातांमध्ये जिक्रचा आवाज ठेक्यासारखा वापरतात. त्यावर अनेक उलमांचा आक्षेप आहे. हम्द-नात ऐकायची तर पंधरा मिनिटे सगळ्यांनी बसून, अदबीने ऐकावी. तो पाठीमागे चालू ठेवण्याचा आवाज नव्हे.

मग सुटीच्या दिवसांत काय असावे? वाद्य न लागणारे खूप काही आपल्याच जवळ आहे.

बैतबाजी घ्या. एकाने शेर म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने. दहावीतली मुलगी आणि सत्तरीतले बड़ेअब्बा एकाच खेळात बसतात. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना मराठी गझल म्हणू द्या. आपल्या विदर्भाचे, अमरावतीचे सुरेश भट आणि सांगलीकडचे इलाही जमादार यांच्या गझला पेटी-तबल्याशिवायही नुसत्या आवाजात उभ्या राहतात. बहिणाबाई चौधरी या खानदेशातल्या शेतकरी बाई. लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. पेरणी, मळणी, माणसाचे मन यांवरची त्यांची गाणी आपल्या धानाच्या मुलखातल्या मुलांना लगेच समजतात. लहानग्यांसाठी गदिमांची बालगीते आहेत. मोर, पाऊस, झाडे यांच्या गाण्याला कोणते मामू नाही म्हणतील?

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तर जरूर बोलते करा. जात्यावरच्या ओव्या केवळ हिंदू घरांतच होत्या असे नाही; मुसलमान बायकाही पहाटे दळताना मराठीत ओव्या म्हणत. त्याच्याही आधी, विजापूरच्या आदिलशाही काळात, दक्खनच्या सूफींनी बायकांसाठी दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. जाते फिरवता फिरवता, चरख्यावर सूत काढता काढता अल्लाहचे नाव ओठांवर यावे, यासाठी. त्याला साथ होती ती फक्त जात्याच्या घरघरीची. तुमच्या नानीला लग्नातली हळदीची गाणी, पाळण्याची लोरी नक्की येत असतील. ती या सुटीत ऐकून घ्या, मोबाइलवर नोंदवून ठेवा. हे सूर दुकानात मिळत नाहीत आणि नानीही कायम असणार नाही.

आणि काही वेळ काहीच नसावे. कार्तिकातल्या रात्री अंगणात शेकोटी, दूर जंगलाचा काळोख, कुठल्याशा गावातून वाऱ्यावर येणारा ढोलाचा आवाज. दोन पिढ्या गप्पा मारत बसल्या असतील तर त्या घराला स्पीकरची गरज नसते.

शेजारच्या घरातून दिवाळीची गाणी, आरती ऐकू येईल. पाहुण्यांच्या कपाळावर आठी येऊ शकते. त्यांना सांगावे की ते शेजाऱ्याचे घर आहे आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार मोठा ठेवला आहे. रमजानमध्ये आपल्या घरातली सहरीची भांडी पहाटे वाजतात, तेव्हा तेही ऐकून घेतात.

यजमानांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. नमाजच्या वेळेला आणि पाहुण्यांच्या खोलीजवळ आवाज बंद. हे भीतीने नव्हे, अदब म्हणून. आणि दस्तरखानवर फतव्यांची लढाई नको. मेहमानाची इज्जत करणे हे ईमानाचे लक्षण सांगितले आहे, वादात त्याला हरवणे नव्हे. पाहुण्यांनाही जबाबदारी आहे. मेहमाननवाजीचे तीन दिवस सांगताना, यजमानाला अडचणीत येईल इतके राहू नये असेही सांगितले आहे. ही अडचण फक्त पैशांची नसते. यजमानाच्या मुलांसमोर यजमानाला दटावणे हीसुद्धा अडचणच. सांगायचे असेल तर एकांतात, हळू सांगावे.

ऑर्गनवाल्या घरात पुढे असेच झाले. वडिलांनी त्या वर्षी मामूंना आधीच फोन केला: "भाईजान, मेरा काम आपको पसंद नहीं, मालूम है मुझे. आप रहोगे तब तक घर में नहीं बजाऊंगा. पर छुपाऊंगा नहीं, बच्चे देखते." मामूंचे मत बदलले नाही. ते आजही ऑर्गन ऐकत नाहीत. पण ते आले, चार दिवस राहिले, ऑर्गन बैठकीतच होता. मगरिब आणि इशा दोघांनी सोबत पढली. रात्री मेव्हणे नाटकाला निघाले तेव्हा थंडी आहे म्हणून मामूंनी आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि "फी अमानिल्लाह" म्हणाले. त्या मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर कोणी शब्दांत दिले नाही. पण दोन माणसांचे मत वेगळे असूनही दोघे एका घरात मानाने राहू शकतात, हे त्याने पाहिले.

तेव्हा वाचक भगिनी-बंधूंनो, या सुटीच्या आधी तीन कामे करा. येणाऱ्यांना फोन करून विचारा. काय चालेल त्याची यादी मुलांना सोबत घेऊन करा, म्हणजे निवड करणे म्हणजे काय हे त्यांना कळेल. आणि जे घरात आहे ते लपवू नका. पाहुण्यांच्या मानासाठी थांबवायचे असेल तर थांबवा, आणि का थांबवले ते मुलांना सांगा. अल्लाह आपल्या घरांत बरकत देवो आणि आपली नाती जोडलेली ठेवो. आमीन.