आकडा तोच, वाचणारा वेगळा

जावात लिहिलेला सर्व्हर 9007199254740993 हा क्रमांक पाठवतो. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तो वाचते आणि पडद्यावर उमटतो 9007199254740992. एररचा पत्ता नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. फक्त शेवटचा अंक बदललेला. मग दोन्हीकडचे प्रोग्रामर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

गंमत म्हणजे दोघांचाही कोड आपापल्या जागी बरोबर असतो. जावाचा ‘लाँग’ हा 64 बिटांचा पूर्णांक. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या मात्र 53 बिटांपर्यंतचेच सगळे पूर्णांक बिनचूक धरते. आणि ज्यातून ही देवाणघेवाण होते ते जेसन, आकडा किती मोठा असावा यावर बंधनच घालत नाही.

ट्विटरला 2010 मध्ये ट्वीटचे क्रमांक मोठे करताना हाच पेच पडला. उपाय साधा निघाला: ‘आयडी’च्या जोडीला ‘आयडी_एसटीआर’ हे फील्ड देऊन तोच क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवायचा.

अशा वेळी लायब्ररी बदलून पाहणे किंवा सर्व्हर पुन्हा सुरू करणे म्हणजे अंधारात तीर मारणे. आधी ‘कर्ल’ने सर्व्हरचे कच्चे उत्तर मागवावे. त्यात आकडा बरोबर असेल, तर घोळ वाचणाऱ्या बाजूला आहे.

ओळख क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. ते पहिल्या दिवसापासून मजकूर म्हणूनच पाठवावेत, आणि चाचणीत 1, 2, 3 सोबत एखादा 17 अंकी विषम क्रमांकही आवर्जून ठेवावा.