दहा रुपयांचा गुन्हा

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा कुठल्याशा फ्लॅटच्या फरशीवर एखादा सायबेरियन हस्की पोट टेकून धापा टाकत पडलेला असतो. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढायला हा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या घडवला. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा उणे चाळीसच्या थंडीत सुमारे ११०० किलोमीटरची वाट साडेपाच दिवसांत कापून औषध पोचवलं ते अशाच कुत्र्यांच्या टोळ्यांनी. अंगावर केसांचे दोन थर, पायांत न संपणारी धाव. त्याला आपण दोन खोल्यांत आणून ठेवलं. कारण काय, तर त्याचे डोळे निळे आहेत आणि फोटो छान येतो.

‘आम्ही एसी लावतो ना,’ असं उत्तर मिळतं. एसीने अंग गार होतं, पायांचं काय? सकाळी वॉचमनच्या किंवा कामाच्या पोराच्या हाती पट्टा देऊन दहा मिनिटांची फेरी झाली की दिवसभर दार बंद. मग तो सोफा फाडतो, कुंड्या उकरतो, रात्री सूर लावतो. शेजारी तक्रार करतात. मालक उन्हाळ्यासाठी म्हणून त्याचे केस मुळापासून भादरतो, आणि तेच केस त्याला उन्हाच्या चटक्यापासूनही वाचवत होते हे त्याच्या गावीही नसतं. शेवटी निकाल लागतो: हा कुत्रा वेडा आहे, ऐकत नाही. त्या बिचाऱ्याने केलं काय? ज्या कामासाठी माणसानेच त्याला घडवलं, ते काम शोधलं.

हा निकाल आपण घरोघर देतो आहोत. बीगल हा सशाच्या वासावर मैलोन्‌मैल जाणारा शिकारी. त्याचं नाक जमिनीला लागलं की हाक त्याच्या कानांपर्यंत पोचत नाही, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्स या जर्मन घोडदळ अधिकाऱ्याने ज्याला जर्मन शेफर्ड म्हणून नावारूपाला आणलं, तो दिवसभर मेंढ्या वळणारा कामगार. त्याला ना मेंढ्या, ना मैदान, ना शिकवण. मग तो जिन्यात धावणाऱ्या मुलांनाच वळू लागला, टाचांपाशी तोंड नेऊ लागला, की सोसायटीत सह्यांची मोहीम सुरू. लॅब्रॅडॉर तर आपल्या मध्यमवर्गाचा लाडका. न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर राबलेला हा जीव. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असं आढळलं की साधारण चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी जोडलेल्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. म्हणजे पोट भरल्याची खूण त्यांना नीट मिळत नाही. आपण मात्र त्याच्या केविलवाण्या नजरेला भुलून ग्लुकोज बिस्किटांचे पुडे रिकामे करतो आणि सहाव्या-सातव्या वर्षी त्याचे सांधे धरले की नशिबाला बोल लावतो.

पगची कथा याहून लाजिरवाणी. २००३च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे चालला आणि शहरांत ‘तसलाच कुत्रा हवा’ अशी मागणी सुरू झाली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धाप टाकायची, हीच त्याची अंग थंड करण्याची मुख्य सोय. पगचा चेहरा माणसाने निवड करत करत इतका चपटा करून टाकला, की अनेकांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो. ती मुख्य सोयही आपण हौसेपायी बुजवली. त्याच्या घशातून घरघर येते तेव्हा घरातले हसतात, व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. श्वासासाठी चाललेली झटापट ही ज्यांना करमणूक वाटते, त्या घरांत शिक्षण कशाचं झालं, हा प्रश्न मी विचारणारच.

आता फार्महाऊसकडे वळू. तिथे रॉटवायलर किंवा डॉबरमन साखळीला असतो. माणसांत वाढू दिलेलं नाही, फिरवलेलं नाही, ‘रागीट राहिला पाहिजे’ म्हणून मुद्दाम एकटा ठेवलेला. तो एक दिवस माणसावर जातो आणि सगळे म्हणतात, जातच खुनशी. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या एका पत्राने तेवीस प्रकारचे कुत्रे धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण पत्रामागची समजूत आपल्या हाडीमासी मुरलेली आहे: जन्म कळला की स्वभाव कळला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आला. वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक वंशावरून सांगता येतो, असं त्यात दिसलं. मग वर हस्की आणि बीगलबद्दल मी लिहिलं ते खोटं का? मुळीच नाही. धावण्याची ओढ, वासाचा नाद, अंगावरचे केस, नाकाची ठेवण हे रक्तातून येतं. त्याची गरज भागवणं मालकाचं काम. माणसाशी प्रेमाने वागायचं की दात दाखवायचे, याचं उत्तर बरंचसं आपण त्याला कसं वाढवलं यात असतं. आपण नेमकं उलटं करतो. गरज दिसते तिथे डोळे मिटतो आणि दोष द्यायचा असला की वंशावळ काढतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करत आलो, तेव्हा कुत्र्याला वेगळा न्याय कुठून मिळणार?

कायदा आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. त्याच्या गळ्यातला पट्टाही याहून महाग असतो.

कोणी म्हणेल, मग देशी घ्या. जरूर घ्या, पण तिथेही डोळे उघडे ठेवून. मराठवाडा-सोलापूरकडचा कारवानी नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखा सुटणारा कुत्रा. तो आपल्या माणसांत शांत असतो, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. त्याला ‘आपल्या मातीचा’ म्हणून मिरवायला गॅलरीत बांधलं, तर हस्कीवाल्यात आणि तुमच्यात फरक एवढाच की तुम्ही स्वदेशी क्रूर. धनगराच्या वाड्यावरचा राखण्या कुत्राही तसाच. मोकळं रान आणि कळप हीच त्याची नोकरी. राहिला गल्लीतला साधा गावठी, आपली हवा मानवलेला. त्याला दारात उभं करायला मात्र आपली प्रतिष्ठा आड येते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि पार्किंगमध्ये त्याला पाणी ठेवणाऱ्या बाईला नोटीस पाठवतो.

या सगळ्याच्या मागे एक मादी असते, जिचं नाव कोणी विचारत नाही. ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘पेपरवालं पिल्लू’ अशा भाषेत सौदा होतो, तेव्हा ती कुठल्यातरी पिंजऱ्यात पुढच्या वेतासाठी ठेवलेली असते. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. पण गिऱ्हाइकालाच महिन्याभराचं, मुठीत मावणारं पिल्लू हवं असतं, वाढदिवसाच्या आत. सोयरीक जमवताना सात पिढ्या उकरणारे आपण, इथे एका पिढीचीही चौकशी करत नाही. पुढच्या वेळी पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याची आई कुठे ठेवली आहे, हे आधी विचारा आणि तिथपर्यंत चालत जा. विक्रेता का कू करू लागला, तर पैसे खिशातच ठेवा आणि पोरांना घेऊन बाहेर या.