ग्रामसभा गेली, सभागृहही थांबले

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हा वाचनीय दस्तऐवज नव्हे. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, निविदांचे दर स्वीकारणे, सफाईच्या ठेक्यास मुदतवाढ, झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी आणि अखेरीस अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. चळवळीतला कार्यकर्ता या कागदाच्या वाटेला सहसा जात नाही. परंतु कोणत्या गल्लीत नळाला किती दिवसांनी पाणी यावे, गटार उपसणाऱ्या हातांना किमान वेतन मिळावे की ठेकेदाराच्या मर्जीचे, बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईची पावती कितीची फाडावी, हे त्याच रुक्ष कागदावर ठरते. जतसारख्या कायम दुष्काळी तालुक्याच्या ठाण्यात तर सत्ता म्हणजे पाणी, आणि पाण्याचा वाटा ज्या टेबलावर ठरतो ते टेबल कोणाचे, हा तेथील लोकशाहीचा पहिला प्रश्न आहे.

डफळ्यांचे जत संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तालुका पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. 1960 पासून तो जिल्हा सांगली या नावाने ओळखला जातो. 2012 साली जत ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. गाव शहर झाले, निधीची दारे रुंदावली, मुख्याधिकारी आले. आनंद झाला तो स्वाभाविकच होता. त्या आनंदात एक गोष्ट हातातून निसटली, तिच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. ग्रामपंचायतीच्या कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या अनेकदा कागदावर होतात, हे खरे. तरीही उभे राहून सरपंचाला हिशेब विचारण्याचा हक्क साध्या मतदाराला तेथे असतो. नगरपरिषदेत तो हक्क नगरसेवकाकडे जातो आणि मतदार पाच वर्षांचा प्रेक्षक होतो.

ठरावात काय बळ असते हे जत तालुक्याइतके कोणाला ठाऊक असावे? सीमेवरच्या गावांनी पाणी मिळत नाही म्हणून 2012 मध्ये कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. त्यांचाच दाखला देत नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या 40 गावांचा विषय काढला, आणि मुंबईत एकच धावपळ उडाली. विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे 2000 कोटी रुपयांची भाषा तेव्हा सुरू झाली. कोरडवाहू खेड्यांच्या कागदाने दोन राज्यांच्या सरकारांना जागे केले. वर्षानुवर्षांच्या अर्जांनी जे झाले नव्हते ते त्या ठरावांनी झाले.

आणि शहरात? शहरातले सभागृहच काही दिवसांत नाहीसे झाले. डिसेंबर 2017 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटनेचे 243 यू हे कलम निःसंदिग्ध शब्दांत सांगते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा तिढा न्यायालयात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. सामाजिक न्यायाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी तो निकालात निघण्याची वाट पाहणेही योग्यच. परंतु राज्याकडे विश्वासार्ह आकडेवारी नव्हती, हा दोष मतदारांचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी आदेश दिल्यावर डिसेंबरात मतदान आणि 21 डिसेंबरला मतमोजणी झाली. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत जो अधिकारी प्रस्ताव मांडी, तोच त्याला मंजुरी देई आणि तोच बिल काढी. अशा सभेत विरोधी मत नोंदवणार कोण? प्रशासक सज्जन असेल, कार्यक्षमही असेल. प्रश्न त्याच्या सचोटीचा नाही.

नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली. जतच्या परिषदेचा जन्मच त्यानंतरचा. त्यामुळे शासनाच्या अनुदानावर ती पहिल्या दिवसापासून अवलंबून आहे. ठराव स्थगित करण्याचा अधिकार 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 नुसार जिल्हाधिकाऱ्याकडे आहे. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी, याचा कायदा 2016, 2020 आणि 2022 अशा तीन वेळा सत्ताधाऱ्यांच्या सोयीने फिरवण्यात आला. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांची यादी या पार्श्वभूमीवर वाचली की हसू येते.

मोठ्या योजनेच्या घोषणेने हा प्रश्न सुटत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली असताना याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकर धावत होते. म्हणजे पाणी जिल्ह्यात आहे, वाटणी नाही. म्हैसाळचे पाणी तलावात पडणे ही एक लढाई. बिरनाळ तलावातून ते शेवटच्या वस्तीच्या नळापर्यंत पोचणे ही दुसरी, आणि ती नगरपरिषदेतच लढावी लागते. जलवाहिनी आधी कोणत्या प्रभागात घालायची हे मंत्रालय ठरवत नाही.

1939 मध्ये औंध संस्थानाने गावपंचायतींच्या पायावर राज्यघटना उभारली, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा मुलूख त्या संस्थानात होता. त्याच परिसरात, सभागृह परत आल्यानंतरही, प्रभागात सभा घ्यायला कायदा हवा म्हणून कार्यकर्त्यांनी थांबावे, हे शोभत नाही. नगरसेवकाला आपल्या मतदारांपुढे महिन्याकाठी विषयपत्रिका वाचून दाखवण्यास कोणी बंदी केलेली नाही. ती कन्नडमधूनही वाचावी. निम्मा तालुका ज्या भाषेत घरी बोलतो, ती भाषा परिषदेच्या दारात परकी ठरू नये. डावे पक्ष मात्र आजवर उमेदवारीच्या दिवसांत तेवढे परिषदेकडे फिरकले आणि मग पुन्हा मोर्चांकडे वळले. ही त्यांची चूक कबूल केली पाहिजे.

तूर्त एक काम लगेच हाती घेण्याजोगे आहे. प्रशासकाच्या काळातील सर्व ठराव, दिलेले ठेके आणि वाढवलेल्या मुदती यांची यादी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार आपण होऊन प्रसिद्ध करण्याची मागणी नगरपरिषदेकडे करावी. ती सभेपुढे चर्चेला आणावी. ऐनवेळच्या विषयांत नव्हे, विषयपत्रिकेवर, क्रमांक घालून.